लाल कडेचं पान

माझ्या कपाटात एकाच माणसाने बांधलेल्या चौतीस डायऱ्या आहेत. पहिल्या चोवीस डायऱ्यांच्या कडा लाल आहेत, शेवटच्या दहांच्या पांढऱ्या. परवा कपाट आवरताना सून म्हणाली, "आई, लाल रंग मधेच का हो बंद केलात? किती छान दिसत होता."

मी म्हटलं, "रंग सुटतो."

हे उत्तर माझं नव्हे. ज्यांनी त्या डायऱ्या बांधल्या त्यांचं आहे. ते गेले त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायच्या तर आधी स्वतःबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल, आणि तीच सांगायला मला दहा वर्षं लागली.

सगळी गल्ली त्यांना खळकाका म्हणे. मूळ नाव पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो! जिन्याखालच्या खोलीत त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. आत एक टेबल, एक चाकाचं दाबयंत्र, पुठ्ठ्यांची चळत, शिवणीची भोकं पाडायचा टोचा आणि खळीचा डबा. खळीला कसर लागू नये म्हणून ते तिच्यात मोरचूद घालत, त्यामुळे त्यांची नखं बारा महिने निळसर असत. शाळा चौथीत सुटली. मग छापखान्यात छापील कागदांचे फर्मे घडी करायला लागले, आणि सासऱ्यांचं दुकान हाती आलं तेव्हा वय पंचवीस. पुढची पन्नास वर्षं त्याच टेबलापाशी गेली. कायद्याची जाड पुस्तकं, शाळांची हजेरीबुकं, लोकांच्या कादंबऱ्या, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. वाचलं मात्र एकही नाही.

मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आत शिरलो तर बाहेर कोण काढणार, बाई? आम्ही दारवान. दार नीट उघडतंय, नीट लागतंय, एवढं बघायचं."

टेबलाला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. गिऱ्हाइकाने पुठ्ठा जरी उचलला तरी "अं हं" म्हणून बोट दाखवायचे. मला कधी नाही दाखवलं. उलट दुसऱ्यांना सांगायचे, "या बाई बघा. कॉन्व्हेंटमधल्या. वीस वर्षं येतायत, कधी कशाला हात म्हणून लावला नाही."

त्या वर्षी डिसेंबरच्या एकोणतीस तारखेला मी नव्या डायरीसाठी गेले. दुकान उघडं होतं, काका कापड आणायला गेले होते. आतून काकू ओरडल्या, "बसा हो, येतीलच." माझी डायरी टेबलावर दोन फळ्यांमध्ये सुकत होती, हे मला लाल कडेवरून कळलं. वरच्या फळीवर जुन्या, पिवळ्या सुट्या पानांचे सात गठ्ठे होते. प्रत्येकावर आकडा घातलेली चिठ्ठी. उजवीकडून डावीकडे जाणारी ती लिपी मला फक्त दिसायला ओळखीची होती.

रेघा नीट आखल्यात की नाहीत, एवढंच मला बघायचं होतं. गेल्या वर्षी मार्चची पानं किंचित तिरपी झाली होती. काका येईपर्यंत दहा मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण आपली वस्तू आपण बघतोय, अशी मी मनाची समजूत घातली. वरची फळी गठ्ठ्यांसकट उचलून स्टुलावर ठेवली आणि डायरी मांडीवर उघडली. स्टूल एका पायाने लंगडं होतं. ते मला माहीत नव्हतं असंही नाही.

सातही गठ्ठे घसरले. काही पानं जमिनीवर, काही माझ्या मांडीवर. मी डायरी फटकन मिटून फळ्यांत सरकवली आणि खाली बसून पानं गोळा केली. शाळेत नीटनेटकेपणाचं बक्षीस मला सलग चार वर्षं मिळालं होतं. तेच हात कामाला आले. सगळ्या पानांची फाटकी कड डावीकडे घेतली, कारण शिवण डावीकडे असते हे मला जन्मापासून ठाऊक. मग आठवलं, मघाशी ती उजवीकडे होती. सगळा ढीग उलटवला, अंदाजाने सात सारखे गठ्ठे केले आणि चिठ्ठ्या एक ते सात वर ठेवल्या. कोणाला संशय येणार नाही इतकं सुबक झालं.

मी खुर्चीवर बसले तोच काका आले. "फार वाट बघायला लावली का, बाई?"

"छे हो, आत्ताच टेकले."

"डायरी उद्या देतो. कडेचा रंग ओला आहे अजून."

घरी जाऊन मी त्या दिवसाच्या पानावर लिहिलं: "बाइंडरकडे गेले. डायरी तयार नव्हती." मी डायरीत खोटं लिहीत नाही, असं आमचे हे सगळ्यांना कौतुकाने सांगत. ते तीन वर्षांपूर्वी गेले होते, हे त्या दिवशी बरंच वाटलं.

ती पानं आमच्या चौकातल्या घड्याळजींची होती. त्यांच्या वडिलांनी अरबीत स्वतःच्या हाताने लिहिलेली वही. घड्याळाचं काम कसं शिकलो, कोणाकडे राहिलो, कोणी मारलं, कोणी जेवू घातलं, असं सगळं मुलांसाठी लिहून ठेवलेलं. वापरून वापरून पानं सुटी झाली होती. घड्याळजींची थोरली बहीण एकोणीस वर्षांनी माहेरी यायची होती, मार्चच्या शेवटी. तिला वही हातात द्यायची, म्हणून बांधायला टाकलेली.

काकांनी ती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बांधून दिली. शिवण उजवीकडे, अगदी त्यांच्या रिवाजाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी मी शाईच्या बाटलीसाठी समोरच्या दुकानात होते तेव्हा घड्याळजी वही घेऊन आले. भिंग कपाळावर तसंच.

"काका, यातली पानं इकडची तिकडे झालीत."

"शक्य नाही. आकडे घालून ठेवली होती."

"हे बघा ना. इथे वडील नऊ वर्षांचे आहेत, पान उलटलं की त्यांचं लग्न."

काकांनी वही हातात घेतली. त्यांना त्यातलं काहीच कळत नव्हतं, तरी एकेक पान बघत राहिले. समोरचा इस्त्रीवाला हसून म्हणाला, "काका, माझा सदरा तुमच्याकडेच टाकतो शिवायला. बाह्या पायांत येतील." चारजण हसले. मी शाईची बाटली पिशवीत ठेवली. पिशवीचा बंद नीट बांधला.

घड्याळजी समजूतदार माणूस. म्हणाले, "हरकत नाही. पानं सोडवून द्या. मी वाचून लावतो, तुम्ही नुसतं शिवा."

"नाही," काका म्हणाले. "ज्यानं विस्कटलं त्यानंच लावायचं."

हे वाक्य मी त्या दिवशीही डायरीत लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती.

घड्याळजींनी एक खूण सांगितली. वहीत आकडे नव्हते, पण वडिलांना जुन्या वळणाची सवय होती. प्रत्येक पानाच्या मागच्या बाजूला, अगदी खाली डाव्या कोपऱ्यात, ते एक सुटा शब्द लिहीत. पुढचं पान त्याच शब्दाने सुरू होई. अर्थ कळायला नको, शब्द जुळला की झालं. काकांनी कणा उसवला, ओल्या फडक्याने पट्ट्या सोडवल्या आणि सगळी पानं मोकळी केली. पहिल्या दिवशी नुसत्या आकारावरून अकरा जोड्या लावल्या. घड्याळजींनी पाहिल्या तर नऊ चुकलेल्या. कोपऱ्यातला शब्द घाईत, बारीक, तिरपा लिहिलेला, आणि वरचा ठसठशीत. भावंडं असून तोंडवळा जुळेना. अक्षरं शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मी सोमवारी गेले तर काका लहान मुलांचं अरबी अक्षरांचं चित्रांचं पुस्तक आणि पाटी घेऊन बसलेले. वय पासष्ट. मला बघून पाटी टेबलाखाली सारली.

"मीही शिकते तुमच्याबरोबर," मी म्हटलं. "मलाही विरंगुळा."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला पळून जावंसं वाटलं.

त्यानंतर रोज अकरा ते साडेबारा आमची शाळा भरे. अडेल ते मी घड्याळजींना विचारून येई आणि काकांना सांगे. बा, ता, सा यांची एकच होडी. खाली एक ठिपका की बा, वर दोन की ता, वर तीन की सा. मग एका पोटाची तिघं: जीमच्या पोटात ठिपका, खाच्या डोक्यावर, हा बिचारा रिकामाच. हे जमलं असं वाटेपर्यंत कळलं की अक्षर एकटं असलं तर एक रूप आणि शब्दात शिरलं की दुसरं. सुरुवातीला नुसतं डोकं दिसतं, मधे नुसता दात, शेवटी कुठे शेपूट सुटतं.

काका म्हणाले, "आमच्या हिच्यासारखं. माहेरी एक, सासरी एक."

आतून काकू म्हणाल्या, "ऐकतेय हं मी! खळ आज तुमची तुम्ही करा."

काही अक्षरं तुसडी निघाली. अलिफ, दाल, रा, वाव आणि आणखी दोघं. मागच्याचा हात धरतात, पुढच्याला देत नाहीत. माझं इथे सारखं चुके, कारण आमच्या सिस्टरनी मोडी काय नि इंग्रजी काय, पेन न उचलता लिहायची सवय पट्टी मारून लावली होती. काकांना एकदा सांगितलं की पुरे. "म्हणजे इथे टाका तोडायचा आणि नवा घ्यायचा," ते म्हणाले. आणि हातही माझ्यापेक्षा त्यांचाच लवकर वळला. मी होडी डावीकडून काढायची. ते म्हणत, "मी तर शिवतोच उजवीकडून डावीकडे. हे आमच्याच बिरादरीचं दिसतंय."

चौथीत सुटलेला माणूस पाटीवर स्वतःचं नाव त्या लिपीत लिहून बराच वेळ बघत बसला, तो दिवस सात फेब्रुवारी. पुसलं नाही. पाटी दाबयंत्रावर टेकवून ठेवली आणि दुसरी आणली.

घरी मी शाळकरी पोरीसारखी पाटी घेऊन बसे तेव्हा सून म्हणायची, "आई, डॉक्टरांनी शब्दकोडी सोडवायला सांगितलीत. तुम्ही कोडं उलटंच धरलंत." पण गल्लीत माझं नाव झालं. इस्त्रीवालाही म्हणाला, "बाई, मानलं तुम्हांला. एका बाइंडरसाठी कोण एवढं करतं?" घड्याळजींनी माझं हातातलं घड्याळ साफ करून दिलं आणि काही घेतलं नाही. मला खूप वेळा वाटलं, आता सांगावं. जिन्यापर्यंत वाक्य तयार असे. मग काका कोणाला तरी सांगत असलेले ऐकू येई, "या माझ्या मास्तरीणबाई," आणि वाक्य गिळलं जाई. स्तुती ऐकताना इतकी लाज वाटते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी मान खाली घालायची, आणि लोकांना तोही विनयच वाटायचा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निम्मी वही जुळली. पण बऱ्याच पानांची सुरुवात एकाच शब्दाने होई. 'मग' अशा अर्थाचा शब्द होता, घड्याळजींनी सांगितलं. गोष्ट सांगणारा माणूस दुसरं काय म्हणणार? अशी चौदा पानं हातात राहिली. मी हात टेकले. काकांनी ती उजेडासमोर धरली.

"बाई, हे भोक बघा. कसरीचं. या पानात आहे, या पानात आहे, त्यात जरा लहान होतंय. कसरीला वाचता येत नाही, पण ती पानं ओळीने खाते."

दोन दिवसांत चौदाही पानं बसली. तेरा मार्चला काम संपायला हवं होतं. संपलं नाही. एकाहत्तराव्या पानाखाली जो शब्द होता त्या शब्दाने सुरू होणारं पान कुठेच नव्हतं. आम्ही सगळी वही पुन्हा लावली. पुन्हा तेच खिंडार. मोजली तर एकशे सव्वीस.

"घेताना मी एकशे सत्तावीस लिहिली होती," काका म्हणाले आणि पुठ्ठ्यावर खरडलेला आकडा दाखवला. "सोडवताना मोजली नाहीत. घमेंड नडली." त्यांनी कात्रणांचं पोतं उपसलं. काकूंनी चुलीपाशी रद्दी शोधली. संध्याकाळी ते स्टुलावर बसून म्हणाले, "ती बाई एकोणीस वर्षांनी येतेय. तिच्या बापाचं एक पान मी खाल्लं. आता टोचा खाली ठेवावा, बाई. हात गेले माझे."

मी घरी आले. जेवले नाही. त्या डिसेंबरच्या दुपारचा एकेक क्षण मी आठवून बघितला. मांडीवर उघडलेली डायरी, तिच्यावर घसरलेली पानं, आणि फटकन मिटलेली डायरी.

उद्याच्या पानाला आज हात लावायचा नाही, असं सिस्टर म्हणत. जानेवारीपासून मी पुढचं एकही पान उलटलं नव्हतं. आता उलटलं. नोव्हेंबरच्या सोळा तारखेपाशी ते पिवळं पान होतं. वर उजवीकडे पहिला शब्द. मी बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं. तोच होता. आयुष्यात त्या लिपीत मी कोणाच्या मदतीशिवाय वाचलेला तो पहिला शब्द.

तेव्हा तरी सांगायचं होतं. पान हातात घेऊन जायचं आणि म्हणायचं, काका, हे मी केलं. मी ते पान पदराखाली लपवून नेलं. काका पाठमोरे असताना दाबयंत्राच्या मागे हात घातला आणि म्हटलं, "अहो काका, हे काय इथे अडकलंय?" माझा आवाज मलाच नाटकातल्या बाईसारखा वाटला.

काका धावत आले. पान घेतलं, एकाहत्तराव्या पानाशी धरलं, शब्द मोठ्याने वाचला. "बसलं! बसलं गं!" काकू हात पुसत बाहेर आल्या. काकांनी पान उलटून पुढचं जोडून पाहिलं, तेही बसलं. मग त्यांनी सवयीने पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबले. कडेला केसाएवढी लाल रेघ होती. ओल्या रंगाची. ती गडद लाल छटा ते स्वतः मिसळत आणि गल्लीत ती एकाच गिऱ्हाइकाला लागे.

ते माझ्याकडे बघतील असं वाटलं. बघितलं नाही. रबर घेतलं आणि ती रेघ हलक्या हाताने, कागद न सोलता, पुसत राहिले. बराच वेळ लागला. काकू चहा ठेवायला आत गेल्यावर म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी तुमच्या डायरीच्या कडा रंगवायला नकोत. लाल रंग सुटतो."

मी म्हटलं, "बरं."

घड्याळजींची बहीण अठ्ठावीस तारखेला आली. दुकानाच्या बाकावर बसून तिने मधूनच कुठेतरी वही उघडली आणि मोठ्याने वाचू लागली. वाचता वाचता हसली, मग डोळे पुसून पुढे वाचत राहिली. काका इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. त्यांना अर्थ कळत नव्हता, पण पान संपत आलं की ओठ हलायचे. शेवटचा शब्द ते तिच्याआधी पुटपुटत, आणि तिने पान उलटलं की तोच शब्द तिच्या तोंडून येई. तिने दोघांचे आभार मानले. मला म्हणाली, "तुम्ही शिकवलंत म्हणे यांना."

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "बाई नसत्या तर हे काम झालंच नसतं."

चेहऱ्यावर काही नव्हतं. चेष्टा नाही, रागही नाही. पुढची दहा वर्षं ते तसेच वागले. दर डिसेंबरला डायरी वेळेवर, रेघा सरळ, कडा पांढऱ्या. "टेबलाला हात लावला नाही" हे मात्र माझ्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. रोज सकाळी पाटीवर दोन ओळी लिहायची सवय त्यांनी शेवटपर्यंत ठेवली. मी शिकायची थांबले. मला ती अक्षरं बघवत नसत.

गल्लीत अजूनही कोणी काम उलटसुलट केलं की म्हणतात, "खळकाकांची वही केलीस." ते गेल्यावरही म्हणतात. गेल्या महिन्यात इस्त्रीवाल्याच्या तोंडून ते पुन्हा ऐकलं आणि तशीच घड्याळजींच्या दुकानात गेले. दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं, थांबले असते तर पुन्हा गिळलं असतं.

घड्याळजींनी भिंग डोळ्यावरून काढलं. "मला कशाला सांगता, बाई? मी त्यांना कधी दोष दिलाच नाही. जे हसले त्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. खळकाकांनी पन्नास वर्षांत एकही पान चुकवलं नाही. ती पानं मी पाडली, आणि ते मी लपवलं. काकूंना काल वाचून दाखवलं. त्या शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाल्या, "ते रबर तुम्हीच न्या आता. माझ्याकडे पडून आहे. एका बाजूने लाल झालेलं."

मी आणलं. त्या वर्षीच्या डायरीत, एकोणतीस डिसेंबरच्या पानावर ठेवलं आहे.